सावर फुटली

आमच्या मनोरीत चैत्र असा तारखेला येत नाही.
राखेच्या बुधवारनंतर कधीतरी
मागच्या दारानं आत शिरतो,
पायही न धुता.

यंदा आधी आंबा चिकट झाला.
तुडतुड्यांनी ओटी अशी लिंपली
की सासऱ्यांची चप्पल जागच्या जागी राहिली
आणि सासरे दोन पावलं पुढे गेले.
पंपाच्या जाळीत मोहोर अडकला.
पास्कू विहिरीत उतरून शिव्या देत होता
आणि विहीर त्या एकेक करून
घुमवून वर पाठवत होती.
उपासाचे दिवस.
शेजारच्या मोनिकाबायनं खिडकी लावून घेतली,
मग थोडी उघडली.

मीटरच्या पेटीत दयाळानं घरटं केलं.
रीडिंग घ्यायला आलेला माणूस
डोक्यावर टोच खाऊन म्हणाला,
सरासरी लावतो.

मंगळवारी पहाटे शेळी व्याली.
गोठा मोकळा होता, तरी स्वयंपाकघरात,
सिलिंडरच्या मागे.
डेन्झिलचा त्या दिवशी भूगोल.
एका हातात टॉर्च धरून तो पाठ म्हणत राहिला,
दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनलेले आहे,
आणि त्याच वाक्याला दुसरं करडू बाहेर आलं.
पहिल्याचं नाव पठार.
दुसऱ्याचं काय ते सांगायला नको.

एवढं सगळं आम्ही निभावलं.
मग शनिवारी भर दुपारी, खाडीवरून वारा सुटला
आणि घरामागची पांढरी सावर फुटली.

बोंबलांच्या वलांडीवर कापूस.
बोंबलांना दाढ्या.
भाताच्या टोपात, देवाच्या तसबिरीमागे,
सासऱ्यांच्या भुवयांत,
करडांच्या ओल्या नाकांवर.
सोमवारी होडीनं मार्वेला उतरले,
मालाडच्या ऑफिसात पोचले,
तर शेजारच्या टेबलावरची पोर
माझ्या खांद्यावरून एक पुंजका उचलून म्हणाली,
गादी फाटली का काय घरी?

रात्री कुवेतहून रेजीनचा फोन.
माझी थोरली जाऊ. तिकडे एका म्हातारीला सांभाळते,
बाराव्या मजल्यावर,
जिथे खिडक्या उघडायच्या नसतातच.
स्क्रीनवर मला बघून आधी हसली,
बाय, तू पिकलीस की गं!
मग हसू थांबवून विचारलं,
बोंडं कोणी काढली यंदा?

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

दरसाल ती आकडी घेऊन झाडाखाली उभी राहायची,
बोंडं तडकायच्या आठवडाभर आधी.
कधी, ते तिलाच कळायचं.
पोत्यात भरायची, बिया निवडायची,
घरात पाच उशा व्हायच्या.
आम्ही त्यांवर झोपायचो.
इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं
सावर हे शांत झाड आहे.

दाखव, म्हणाली.
मी फोन फिरवला.
दिव्याच्या उजेडात कापूस तरंगत होता,
कुठे टेकावं ते न कळल्यासारखा.
ती बराच वेळ गप्प.
मग तिथून, त्या बंद खोलीतून,
स्क्रीनवर तिनं हलकी फुंकर मारली.
इथे काही हललं नाही.
लाव्हा शिंकला तेवढा.

दुसऱ्या दिवसापासून मी झाडून गोळा करते आहे.
पंख्याच्या पात्यांवरून, चपलांतून,
डेन्झिलच्या दप्तराच्या तळातून.
चार दिवसांत अर्धी उशी भरली.
त्यात मोहोर आहे, शेळीचे केस आहेत,
एखादा खवलाही असेल.
वास बोंबलांचा येतो.
पास्कू म्हणतो, फेकून दे,
दुकानात दीडशेला मिळते.

रेजीन जूनमध्ये येणार आहे, महिनाभर.
उशी तिच्या खाटेवर ठेवणार.
बिया काढल्या नाहीत मी, मुद्दाम.
रात्री टोचल्या तर ती उठेल,
मला हाक मारेल, विचारेल,
ही काय निवडायची पद्धत झाली?
तेवढंच बोलणं होईल आमचं,
फोनशिवाय.